निळीची रेघ आणि पाच हप्त्यांतलं सैपाकघर

घर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागं १० बाय १२ फुटांचं सैपाकघर टिनाखाली. भिंती पक्क्या विटांच्या, पण जुडाई मातीची. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात चूल, मधे लोखंडी टेबलावर गॅसची शेगडी. शहाबादी फरशी मधोमध फुगलेली आणि भिंतीशी खचलेली. हे बदलायला मे २०२४ मध्ये सुरुवात केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये हात धुतले. टप्पे पाच. खर्च १,१५,७६० रुपये. अंदाज ९५,००० चा होता.

सगळा पैसा एकदम हातात असेल तर एकाच दमात उरकणं कधीही स्वस्त. मिस्त्री पाच वेळा येतो, पाच वेळा सामान वाहून आणावं लागतं. पण शेतीचा पैसा आपल्या चालीनं येतो. सोयाबीनचा दिवाळीच्या आगंमागं, कापसाचा जानेवारीपर्यंत, तूर-हरभऱ्याचा मार्च-एप्रिलात. त्यात बसेल तेवढंच काम एका वेळी. अशा तुकड्यातुकड्यानं केलेल्या कामात बहुतेक घोटाळे एकाच कारणानं होतात. आजचं काम करताना उद्याच्या कामाची पातळी कोणी धरलेली नसते. ओटा आधी होतो, मग फरशी वर येते आणि ओटा बुटका पडतो. पाइप आधी पुरला जातो आणि पुढं कळतं की बाहेरची नाली त्याच्याहून उंच आहे. म्हणून खाली इंचांचा हिशेब जरा जास्त आहे. कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची. हा खारपाणपट्टा. जमीन खोल काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बोअरचं पाणी खारं. मुरूम जवळपास कुठं लागत नाही, लांबून आणावा लागतो. मुरमाड भागातल्या वाचकांचा मुरमाचा खर्च आमच्या निम्म्यानं येईल आणि शोषखड्डाही चालेल.

मे २०२४: टिनं

वरून सुरुवात केली. गळकं छत ठेवून खाली छपाई (भिंतीचं प्लास्टर) आणि टाइल करणं म्हणजे पैसा भिजवणं. शिवाय छताचं काम करताना वरून वेल्डिंगच्या ठिणग्या, पाइप, हातोडा, सगळं खाली पडतं. खाली जुनी फरशी असली की चिंता नसते.

पूर्वी इथं कवेलू (कौलं) होते. वानरांच्या टोळीनं ते दरसाल फोडले म्हणून टिनं आली होती, ती ०.३५ मिमीची, वानर उडी मारतं तिथं पोचा पडायचा आणि स्क्रूचं भोक मोठं होऊन गळायचं. या वेळी ०.५० मिमीचे रंगीत पत्रे घेतले, १४ फुटी ५ नग. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी एकावर एक चढल्यावर सव्वातीन फूटच झाकतो, हे मोजताना धरावं. खाली २ बाय २ इंची चौकोनी पाइप, दोन पाइपांत ३ फूट अंतर. उतार १० फुटांना दीड फूट. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारायचा, खोलगटात नाही, आणि रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर फुगेपर्यंत कसायचा नाही. जास्त कसलेला वॉशर दोन उन्हाळ्यांत तडकतो.

पत्र्याखाली चंदेरी बबल शीट टाकली, ८ मिमीची, २१० चौरस फूट, १४ रुपयांनी. ही शीट पाइपावर अंथरून वरून पत्रा ठोकतात, म्हणजे पत्रे बसवायच्या दिवशीच ती हजर पाहिजे. नंतर लावायची म्हटलं तर पुन्हा सगळे स्क्रू काढा. खोली थंड होत नाही, पण मे महिन्यात दुपारी डोक्यावर जी आग उतरते ती कमी होते. वरच्या बाजूच्या भिंतीत पत्र्याच्या लगत ९ इंची जाळी सोडली, गरम हवा तिथून निघते.

पत्रे ८,४००, पाइप ७० किलो ५,०४०, बबल शीट २,९४०, वेल्डिंग-स्क्रू-मजुरी ४,२००. एकूण २०,५८०. तीन दिवसांचं काम. वेल्डर लग्नसराईत गुंतलेला असल्यानं त्याची वाट ११ दिवस पाहिली.

रेघ, नाली आणि अर्ज

पावसाळाभर काही बांधलं नाही, फक्त मोजलं. सांडपाणी आधी मोरीतून उघड्यावर जायचं. पंचायतीत चौकशी केली तर रोजगार हमीतून वैयक्तिक शोषखड्डा मिळतो असं कळलं. तेव्हा जॉब कार्ड, आधार, पासबुक आणि घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा लागत होता. अर्ज करण्याआधी परसात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा करून त्यात पाणी भरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धंही उतरलं नव्हतं. काळ्या चिकण मातीत शोषखड्डा म्हणजे डासांचं टाकं. ज्यांच्याकडं तीन-चार फुटांवर मुरूम लागतो त्यांनी जरूर करावा. आम्ही तो विचार सोडला आणि पाणी नालीत सोडायचं ठरवलं.

त्यासाठी रस्ता फोडावा लागणार होता, म्हणून ११ सप्टेंबर २०२४ ला ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सोबत घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, नमुना ८ चा उतारा आणि हातानं काढलेला नकाशा. असे अर्ज मासिक सभेत जातात, त्यामुळे सभा कधी आहे ते विचारून त्याआधी आठ दिवस द्यावा आणि पोच घ्यावी. आमच्या अर्जाची सभा झाली नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निकाल लागेपर्यंत ‘आता नाही’ हेच उत्तर. रस्ता फोडायला आचारसंहितेची अडचण काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. परवानगी ४ डिसेंबरला मिळाली. अट एकच: रस्ता स्वखर्चानं पूर्ववत करायचा. तोवर घरातलं काम थांबवलं नाही, फक्त शेवटचा पाइप बाकी ठेवला.

आता ती रेघ. मिस्त्रीनं नोव्हेंबरात पहिल्या दिवशी एकाही विटेला हात लावला नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही भिंतींवर एका पातळीच्या खुणा केल्या आणि निळीत बुडवलेली दोरी ताणून सूत मारलं. ‘भाऊ, आता जे मोजाचं ते या रेघेपासून खाली. जमिनीपासून काई मोजू नका, जमीन उद्या बदलते,’ हे त्याचं वाक्य. रेघ ठरवली ती होणाऱ्या फरशीच्या वर बरोबर ४८ इंच. पेन्सिलीची खूण पुसली जाते, निळीची छपाईपर्यंत टिकते. छपाईच्या दिवशी ती स्लॅबच्या खोलीच्या दारपट्टीवर न्यायची आणि नव्या छपाईवर पुन्हा मारायची.

पण होणारी फरशी कुठं, हे कसं ठरवायचं? नालीपासून उलटं. गावात सिमेंट रस्ता झाला की घरं खाली जातात, ही आता सगळ्याच गावांची गोष्ट. आमच्या दारातल्या नालीचा तळ रेघेखाली ६३ इंचांवर भरला. सांडपाण्याच्या ३ इंची पाइपाला फुटामागं पाव इंच उतार पाहिजे. भिंतीपासून चेंबरपर्यंत २२ फूट, म्हणजे साडेपाच इंच. चेंबरमध्ये २ इंचांची पडी, म्हणजे तेवढा उतरता फरक. चेंबरपासून नाली १८ फूट, म्हणजे साडेचार इंच. पाइप भिंतीतून रेघेखाली ५० इंचांवर काढला तर नालीशी तो ६२ इंचांवर पोचतो. एक इंच हातात राहतो. फरशी जुन्याच पातळीला ठेवली असती तर सगळं ३ इंच खाली जाऊन पाइपाचं तोंड नालीच्या तळाच्याही २ इंच खाली गेलं असतं. म्हणून फरशी ३ इंच उचलायची ठरली. तीन इंच उचलल्यानं दार खालून कापावं लागलं, एवढंच.

नोव्हेंबर २०२४: जे झाकलं जाणार ते

काळ्या जमिनीत नुसता पाइप पुरला तर दोन वर्षांत जोड निखळतो. पावसाळ्यात माती पाइपाला वर ढकलते, उन्हाळ्यात सोडून देते. खंदक रुंद काढून पाइपाच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंनी ४-४ इंच दगडाची चुरी भरली. आणि घराच्या भिंतीपासून दोन फुटांवर एक जोड सोल्युशननं न चिकटवता रबर रिंगचा ठेवला, म्हणजे पाइप हलला तरी तुटत नाही. चेंबर दीड बाय दीड फूट, २ फूट खोल. बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्याचं खालचं टोक पाण्यात ६ इंच बुडवलं. तेल-तूप वर तरंगून चेंबरातच अडतं, नालीत बिनतेलाचं पाणी जातं. पंधरा दिवसांनी वरची साय फावड्यानं काढायची. एक महिना काढली नाही तर वासच आठवण देतो. चेंबरातून दुसरं तोंड परसात काढून तिथं कर्दळ आणि अळू लावला. उन्हाळ्यात पाणी तिकडं, पावसाळ्यात नालीत.

पाण्याची लाइन स्लॅबवरच्या टाकीतून आणली. लोखंडी पाइप खाऱ्या पाण्यात आतून फुगून बुजतो, म्हणून पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप. टाकीत शहानूर धरणावरून येणारं नळाचं पाणीच भरतो; बोअरची लाइन वेगळी, तिचा नळ बाहेर भांडी घासायच्या ओट्यावर.

वायरिंगचं म्हणाल तर दिवा-पंख्याला १.५ चौरस मिमीची तार, १६ अँपिअरच्या प्लगांना २.५ ची, बोर्डापासून मुख्य लाइन ४ ची. इंडक्शन शेगडी २,००० वॅटची असली तर जवळपास ९ अँपिअर ओढते. तिला ६ अँपिअरच्या बटणावर चालवलं की प्लग पिवळा पडतो, मग वितळतो. मिक्सर, फ्रीज, इंडक्शन यांना तीन स्वतंत्र प्लग आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण. ओल्या हातांची जागा आहे, तिथं हे १,५०० रुपये वाचवू नयेत. मातीच्या जुडाईत पाइपाची खाच छिन्नी-हातोड्यानं पाडली तर आजूबाजूच्या विटा सैल होतात. कटर मशीननं दोन समांतर चिरा मारून मधलं अलगद काढायला लावा.

इथं एक चूक झाली. बोर्डांची खालची कड रेघेखाली ४ इंचांवर, म्हणजे फरशीपासून ४४ वर धरायची होती. ओटा ३२ इंचांचा, त्यावर १२ इंची टाइलची पहिली रांग ४४ ला संपते, त्यामुळे बोर्ड फक्त वरच्या रांगेत येतो आणि एकाच टाइलला खाच पाडावी लागते. इलेक्ट्रिशियननं तीनपैकी एक बोर्ड सवयीनं जुन्या जमिनीपासून मोजला. तो ३ इंच खाली आला, दोन्ही रांगांत घुसला आणि एप्रिलात त्याच्यापायी दोन टाइला फुटल्या. निळीची रेघ डोळ्यांसमोर असूनही सवय मोडत नाही. बोर्ड ठोकताना टेप हातात घेऊन स्वतः उभं राहावं.

सांडपाणी ४,३५०, पाणी १,८५०, वायरिंगचं सामान ५,६००, इलेक्ट्रिशियन ३,०००, मिस्त्री-मजूर दोन दिवस २,६००. एकूण १७,४००.

जानेवारी–फेब्रुवारी २०२५: जमीन

हा टप्पा सगळ्यात जड आणि दिसायला सगळ्यात कमी. पैसे गेल्यावर समोर दिसतं काय, तर राखाडी काँक्रिट. घरातल्यांचा धीर इथंच सुटतो. पण फरशी फुगण्याचं कारण खालची काळी माती आहे. तिच्यावर कितीही महागडी टाइल लावा, दोन पावसाळ्यांत मधोमध पोट येणार.

सैपाक मागच्या छपरीत हलवला. पश्चिमेला जुनी टिनं आडवी बांधली, नाहीतर वाऱ्यानं शेगडी पेटत नाही. छपरीत २४ दिवस निघाले.

जुन्या फरशीच्या पातळीपासून साधारण २१ इंच खाली माती काढली. भिंतीच्या लगत मात्र पायाच्या तळाखाली जायचं नाही. पाया उथळ असला तर भिंतीपासून फूटभर माती उतरती सोडून मधे खोल जावं. दोन माणसं, तीन दिवस. मग मुरूम. दाबलेला दीड फूट थर म्हणजे १८० घनफूट. मोकळा मुरूम त्याच्या सव्वा ते दीडपट धरावा, म्हणजे साधारण २३५ घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, पण ट्रॅक्टरची ट्रॉली ब्रासची म्हणून येते आणि मोजली तर ८०-८५ भरते. तीन ट्रॉल्या लागल्या, वाहतुकीसकट २,४०० ला एक. मुरूम गौण खनिजात येतो. रॉयल्टीची पावती ट्रॉलीवाल्याकडून मागून ठेवा, रस्त्यात गाडी अडली तर अडकतो तो तुमचाच मुरूम.

६-६ इंचांचे तीन थर. प्रत्येक थरावर पाणी मारून, रात्रभर मुरवून, सकाळी धुम्मस (ठोकायचा जड ठोकळा). दीड फूट एकदम भरून वरून ठोकलं तर वरचे चार इंच दगड होतात आणि खालचा भुसभुशीत राहतो. मजूर घाई करतात कारण रोज रोज थोडं थोडं ठोकायला यावं लागतं; म्हणून हे काम रोजानं न देता थरावर ठरवलं तर बरं. वर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर फूटभर एकमेकांवर चढवून, भिंतीशी ४ इंच वर वळवून. खालचा खार वर येऊ नये म्हणून हे.

मग ४ इंच काँक्रिट, सिमेंट-रेती-गिट्टी १:४:८. १२० चौरस फुटांना सिमेंट ४ पोती, रेती १९ घनफूट, गिट्टी ३८ घनफूट. पाणी गोडं. भारतीय मानक ४५६ प्रमाणं सळई नसलेल्या काँक्रिटला पाण्यात लिटरमागं २,००० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, सळई असेल तर ५०० च. आमच्या फरशीत सळई नव्हती, तरी बोअरचं पाणी टाळलं, कारण खार पुढं टाइलच्या सांध्यातून पांढरा फुटतो. काँक्रिटचा माथा रेघेखाली साडेएकोणपन्नास इंच. वरचा दीड इंच टाइल आणि तिच्या गादीसाठी राखलेला. सात दिवस ओली पोती. सिमेंटचं एक पोतं वरून घोटायला गेलं, म्हणून पुढचे अडीच महिने त्याच काँक्रिटवर चालता-बसता आलं.

खोदाई ३,०००, मुरूम ७,२००, सिमेंट १,७५०, पाऊण ब्रास रेती ६,००० (पुढच्या छपाईचीही याच्यात), गिट्टी २,०००, प्लास्टिक ६५०, मजुरी ३,१००. एकूण २३,७००.

एप्रिल–मे २०२५: छपाई, ओटा, टाइल

उन्हाळ्यात सिमेंटचं काम करू नये हे खरं, पण हरभऱ्याचा पैसा तेव्हाच आला. मिस्त्री सकाळी ६ ला येऊन ११ ला उठायचा. छपाईला दिवसातून चार वेळा पाणी. एकदा दुपारचं चुकलं तर पश्चिमेच्या भिंतीवर केसांसारख्या चिरा आल्या.

जुनी छपाई तीन फुटांपर्यंत खारानं पोकळ झाली होती. ठोकलं की ढबढब वाजायची. ती सगळी पाडली, सांध्यातली माती पाऊण इंच खरवडली, तारेच्या ब्रशनं विटा घासल्या आणि भिंत तीन आठवडे तशीच वाळू दिली. मिस्त्रीला दुसऱ्या कामावर जायचं होतं तरी तोच म्हणाला, ‘वाळू द्या भित, काहून घाई करता?’ मग १:४ ची छपाई, पोत्यामागं २०० मिली वॉटरप्रूफिंग. बाहेरून मात्र सिमेंट लावलं नाही. खालचा दोन फुटांचा पट्टा चुन्याचाच ठेवला. आत-बाहेर दोन्हीकडून सिमेंटनं भिंत कोंडली तर ओल जिरत नाही, आणखी वर चढते.

ओट्याची उंची ३२ इंच. पुस्तकी माप ३४ पर्यंत सांगतं. पण भाकर थापायला हात वरून दाबावा लागतो, ३४ वर खांदे भरून येतात. जी रोज थापते तिनं उभं राहून कोपर वाकवावं आणि कोपराखाली ४ ते ६ इंच धरावं. ओटा रेघेखाली १६ इंचांवर, हे ठरल्यावर खालचा हिशेब सरळ: ग्रॅनाइट, त्याचा मसाला आणि खालचा कडप्पा मिळून सव्वादोन इंच, म्हणून उभे कडप्पे काँक्रिटपासून सव्वाएकतीस इंच. दहा फुटांत पाच उभे, मधे अडीच-अडीच फूट. तीन फुटांहून जास्त अंतर ठेवलं तर खालबत्ता कुटताना वरची फरशी झणकते आणि सिंकच्या खाचेशी तडा जातो, कारण तिथं दगडाची पट्टी सगळ्यात अरुंद असते.

ग्रॅनाइट कापायला देण्याआधी भिंत गुण्यात (काटकोनात) आहे का बघा. कोपऱ्यातून एकीकडं ३ फूट, दुसरीकडं ४ फूट मोजून तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. आमचं आलं नाही. दहा फुटांत भिंत सव्वा इंच फाकलेली निघाली. दोन्ही टोकांची आणि मधली खोली वेगवेगळी लिहून दिली. तरी दुकानातून एक तुकडा सरळच कापून आला. फट भिंतीकडं टाकून टाइलखाली लपवली. काळा ग्रॅनाइट घेतला, १६० रुपये फूट. पुढच्या कडेला खालून पाण्याची खाच मारून घ्या, नाहीतर सांडलेलं पाणी वळून कडप्प्यावर आणि मग शटरवर येतं.

सिंक २४ बाय १८, ९ इंच खोल, ३०४ ग्रेडची. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि चिकटलं नाही म्हणजे चांगली म्हणतो. २०२ ग्रेडलाही चुंबक नीट चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात तीच आधी गंजते. चुंबकावर जाऊ नका. बिलावर ग्रेड लिहून घ्या. नळ प्लास्टिकचा, पीटीएमटीचा. चकचकीत दिसत नाही, पण खार त्याला खात नाही.

भिंतीच्या टाइल १२ बाय १८, आडव्या लावल्या, म्हणजे दोन रांगांत बरोबर २४ इंच होतात आणि उंचीत एकही कापावी लागत नाही. या सिरॅमिक टाइल आदल्या रात्री पाण्यात भिजवतात. फरशीच्या व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाहीत, त्यांना भिजवून उपयोग नाही आणि नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर त्या धरतही नाहीत; चिकटवायला ॲडेसिव्हच लागतं. ओट्याखालचे २० फूट सोडून १०० चौरस फुटांना ७ पेट्या पुरत होत्या, ८ घेतल्या. पेटीवरचा बॅच नंबर सगळ्यांवर एकच पाहिजे. टप्प्यांत काम करणाऱ्यांनीही टाइल मात्र एकदमच घ्यावी, पुढच्या वेळी तो रंग मिळत नाही. मॅट घ्या, गुळगुळीत टाइलवर पाण्याचा थेंब पडला की पाय जातो.

सिलिंडरचा कप्पा सिंकपासून सगळ्यात लांब, उघडा, आणि त्याच्या मागं बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. वरची खिडकी त्याला कामाची नाही. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, तिच्यावर छापलेलं साल बघून पाच वर्षांनी बदलायची.

यादी करण्यात अर्थ नाही, मोठे आकडे सांगतो. मिस्त्री आणि मजूर ११ दिवस, ८०० आणि ५०० नं, १४,३००. कडप्पा ३,७२०, ग्रॅनाइट मोल्डिंग-खाचेसकट ५,१४०, सिंक ३,६००, नळ-ट्रॅप १,४५०, टाइल दोन्ही मिळून ६,६४०, ॲडेसिव्ह-ग्राउट १,९५०, सिमेंट ८ पोती २,८८०, वाहतूक १,२००. एकूण ४०,८८०. या टप्प्यात अंदाज चुकला तो मालात नाही. मजुरीचे ७ दिवस धरले होते, ११ लागले.

पुढं २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमची तेरा पोती तोवर भिंतीत गेली होती.

नोव्हेंबर–डिसेंबर २०२५: शटर आणि रंग

शटर दसऱ्याला करायचे होते, पावसानं सोयाबीन गेलं म्हणून पुढं ढकलले. सहा महिने ओट्याखाली स्प्रिंगच्या दांडीवर पडदे होते, १८० रुपयांत. काहीही अडलं नाही. पैसे संपले तर हाच टप्पा बिनधास्त लांबवावा. प्लायवूड घेतलं नाही, सिंकखाली ते फुगतं आणि वाळवी लागते. ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये शीटचे शटर, चारपैकी तीन कप्प्यांना, साडेसोळा फूट, ४०० नं ६,६००. खाली ४ इंचांची फट सोडली होती, तिथून उंदीर आत जातात हे दोन दिवसांत कळलं. कडप्प्याच्या उरलेल्या पट्ट्या लावून बुजवली. ९ इंची एक्झॉस्ट १,५००, स्टीलची मांडणी २,२००, रंग २,९००. एकूण १३,२००.

चूल छपरीतच ठेवली. रोडगे आणि आंघोळीचं पाणी तिच्यावरच होतं, आणि टिनाखाली धूर नाही. माठाची घडवंची उत्तरेच्या खिडकीत, ओट्यापासून लांब. शेगडीजवळ माठ गार राहत नाही.

पश्चिमेच्या भिंतीवर फरशीपासून १४ इंचांवर खाराचा तळहाताएवढा डाग डिसेंबरात पुन्हा उमटला आहे. त्याच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढून तारीख लिहून ठेवली. होळीनंतर बाहेरचा चुन्याचा पट्टा खरवडून नवा लावायचा आहे, तेव्हा डाग कुठवर गेला ते बघून ठरवू. जादा आणलेल्या टाइला पेटीसकट छपरीच्या माळ्यावर आहेत, बॅच नंबर बाहेर दिसेल अशा.